काचेच्या कपाटात पेण-रोहे कुठे आहे?

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून अलीकडे प्रदर्शने भरू लागली आहेत. जुनी हस्तलिखिते, शिळाप्रेसवर छापलेली पुस्तके, नियतकालिकांचे पहिले अंक, चित्रपटांची भित्तिपत्रके आणि छायाचित्रे काचेच्या कपाटांत मांडली जातात. पाहुणे येतात, फीत कापली जाते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. या उपक्रमाचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत आणि ते कौतुक अगदीच अस्थानी आहे, असे मी म्हणणार नाही. ग्रंथालयाने आपले भांडार उघडून दाखवावे, यात वाईट काय? परंतु अशा बहुतेक प्रदर्शनांबाबत दोन प्रश्न विचारणे मला अगत्याचे वाटते. मांडलेली वस्तू कोणी घडवली, त्याचे नाव तिथे लिहिलेले असते काय? आणि ज्या गावातून ती वस्तू किंवा तो कर्ता आला, त्या गावाच्या लोकांना ती कधी पाहायला मिळते काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ते प्रदर्शन म्हणजे केवळ शोभा होय. विद्यापीठाला शोभेची हौस असण्यास हरकत नाही. पण शोभा आणि विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे म्हणणे पोकळ वाटू नये म्हणून मी रायगड जिल्ह्यातील दोन गावांचे उदाहरण घेतो. एक भोगावतीच्या काठचे पेण, दुसरे कुंडलिकेच्या काठचे रोहे. दोन्ही ठिकाणची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील मुलामुलींच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाची मुद्रा उमटते. तेव्हा मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय हे जितके चर्चगेटच्या विद्यार्थ्याचे, तितकेच पेणच्या आणि रोह्याच्या विद्यार्थ्याचे. हे तत्त्व कोणी नाकारणार नाही. व्यवहारात ते कितपत पाळले जाते, एवढेच पाहायचे.

प्रथम पेण. गणेशमूर्तींचे गाव म्हणून पेणचे नाव जगभर गेले आहे. परंतु भारतीय चित्रपटाच्या इतिहासातही पेणचे नाव कोरलेले आहे, हे पेणच्या किती मुलांना ठाऊक असेल? १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांचे नाव शाळेच्या पुस्तकांतूनही येते. पण पडद्यावरची माणसे प्रथमच जे शब्द बोलली, ते शब्द लिहिणारा कोण? जोसेफ डेव्हिड पेणकर. पारशी रंगभूमीसाठी नाटके लिहिणारे हे गृहस्थ बेने इस्रायल समाजाचे. त्यांच्याच नाटकावरून हा बोलपट तयार झाला.

पेणकर या आडनावातच त्यांच्या कुळाचे गाव आहे. बेने इस्रायल समाज शतकानुशतके कोकणात नांदला. तेलाचे घाणे चालवणारा आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून लोक त्याला 'शनवार तेली' म्हणत. त्याने मराठी ही मातृभाषा मानली आणि ज्या गावात तो राहिला, त्या गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर आणि रोह्याजवळच्या अष्टमीवरून अष्टमकर. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी 'मायबोली' या नावाने मराठी नियतकालिक चालवले. पेणमध्ये त्यांचे सभास्थान आहे. म्हणजे नाव आहे, खूण आहे, इतिहास आहे. नाही ते फक्त ज्ञान.

आता दुसरी बाजू पाहा. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली ती थोडी छायाचित्रे आणि जाहिरातींचे कागद. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे बोलपट निघाल्यानंतर तेहेतीस वर्षांनी. तोपर्यंत चित्रपट ही जपून ठेवण्याची गोष्ट आहे, हे फारच थोड्यांना सुचले होते. त्या पिढीला मी दोष देत नाही. परंतु त्या पिढीने चित्रपटाची रिळे हरवली आणि आपली पिढी त्या लेखकाचे नाव हरवत आहे, यात अधिक मोठा अपराध कोणाचा, याचा विचार व्हावा. रिळे जळतात, सडतात. त्यांना निसर्गाचे कारण तरी आहे. नावाला कोणती वाळवी लागते?

ही हानी कशी असते, हे आपणा मराठी कॅथलिकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. मराठीतले एवढे मोठे काव्य आपल्या हाती आले, ते केवळ भाविकांनी आणि लेखनिकांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. त्यांतील देवनागरी लिपीतील एक मोलाची प्रत विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या संग्रहात होती. १८३५ साली त्याने आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला आणि आज ती प्रत लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी पुराण पुन्हा छापले, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला ते सहज पाहता आले. याचा अर्थ असा की विद्यापीठाचे ग्रंथालय एखाद्या समाजाची स्मृती वाचवू शकते. परंतु त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. आपल्या पुराणाची ती पोथी पाहायची, तर मराठी माणसाला लंडनला जावे लागते. पेणचा चित्रपटलेखक पाहायचा, तर पेणकरांनी निदान मुंबईला तरी जावे, आणि तिथेही तो दिसेलच याची खात्री नाही!

विद्यापीठाला वाईट वाटेल, पण त्याच्या स्वतःच्या इमारतीचीच साक्ष काढतो. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिलेले राजाबाई टॉवरचे ग्रंथालय १८७८ साली पूर्ण झाले. आराखडा इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे आहेत. ते मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडवले. मुंबईच्या फोर्टमधून रोज हजारो माणसे त्या मनोऱ्याखालून जातात. स्कॉटचे नाव वास्तुशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मुकुंद रामचंद्रांचे किती जणांना? आणि ते पुतळे तरी कोणाचे? अमक्या जातीचा, तमक्या प्रांताचा, माणसाचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकातील राज्यकर्त्यांना आपल्या प्रजेचे नमुने पाहायचे होते. एकविसाव्या शतकातील विद्यापीठानेही 'कोकणातील मूर्तिकार', 'ग्रामीण कारागीर' अशा चिठ्ठ्या लावून नमुनेच मांडावेत काय?

पेणच्या मूर्तिकलेकडे या दृष्टीने पाहू. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या परिसरात घरोघरी कारखाने आहेत. शाडू मळणे, साच्यात माती दाबणे, जोड बुजवणे, रंग देणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणे, या प्रत्येक कामाला वेगळा हात लागतो आणि आखणी करणाऱ्या हाताला सर्वांत अधिक मान असतो. या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. एखादा जुना साचा म्हणजे शिल्पकाराची वही असते. त्याच्यावरून त्या काळची बैठक, सोंडेचे वळण, मुकुटाची घडण वाचता येते. शाडूच्या जागी प्लास्टर आले, तेव्हा कामाची रीत बदलली. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना प्रतिबंध करणाऱ्या सुधारित सूचना काढल्या आणि हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. नद्या-खाड्यांचे रक्षण झालेच पाहिजे, आणि कारागिराची चूलही पेटली पाहिजे. या वादात कोण जिंकावे, हा आजचा विषय नव्हे. पण माध्यम बदलले की जुने साचे अडगळीत जातात आणि अडगळीतून उकिरड्यावर. त्यांची नोंद करण्याची वेळ आता आहे. दहा वर्षांनी नव्हे. साच्याच्या मागे बोटाने कोरलेले एखादे आद्याक्षर असले, तर ते कोणाचे, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत.

आता रोह्याकडे वळू. रोह्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री होते, हे सर्वांना माहीत असते. परंतु १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५७ साली, आयोगाने ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आणि महाविद्यालय ग्रंथालयांसाठी समिती नेमली. योगायोग असा की रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त १९३१ सालीच, म्हणजे 'आलम आरा'च्या वर्षीच, प्रसिद्ध झाले होते. ग्रंथ कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतो आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळालेच पाहिजे, हा त्या सिद्धान्तांचा गाभा. भारतातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांना दिशा देणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षपदी रोह्याच्या देशमुख घराण्यातील माणूस बसला होता. त्याच रोह्यातील मुलाला विद्यापीठाच्या ग्रंथालयातील मूळ वस्तू वर्षातून एकदाही डोळ्यांनी पाहायला मिळू नये, यासारखा विपर्यास दुसरा कोणता?

यावर आक्षेप घेणारे असतात. त्यांचे म्हणणे टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की ग्रंथालय हे ग्रंथांचे घर आहे. साचे, भित्तिपत्रके आणि जाहिराती हा वस्तुसंग्रहालयाचा प्रांत. वरवर पटणारा हा युक्तिवाद टिकत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी आयुष्यभर तिकिटे, हस्तपत्रके, दुकानांच्या जाहिराती, निमंत्रणे असा 'कचरा' जमवला. १९६८ साली तो सारा संग्रह ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने आपलासा केला आणि आज इंग्लंडचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला त्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक केले. पण चित्रपटाच्या गाण्यांची चोपडी, जत्रेच्या नाटकाचे हस्तपत्रक, निवडणुकीचा कागद यांची काळजी कोणी करायची? याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला आणि त्या धामधुमीत, १९३७ साली, नारायण नागू पाटील यांनी 'कृषीवल' पत्र सुरू केले. त्या काळी सभेसाठी वाटलेले एखादे हस्तपत्रक कोणाच्या माळ्यावर असेल, तर ते जाडजूड ग्रंथापेक्षा कमी मोलाचे नव्हे.

दुसरा आक्षेप 'आधुनिक' आहे. सर्व काही संगणकावर चढवले की झाले. प्रदर्शनाची आणि प्रवासाची दगदग कशाला? संगणकावर अवश्य चढवावे. पण ज्या छायाचित्राखाली नाव, गाव आणि साल लिहिलेले नाही, ते संगणकावर चढवले तरी मुकेच राहते. शोधणारा 'पेण' असा शब्द टाकील, आणि नोंदीत पेण नसेल, तर यंत्र काय शोधून देणार? अज्ञान कागदावरून पडद्यावर नेल्याने त्याचे ज्ञान होत नाही.

तिसरा आक्षेप रक्षणाचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. जुना कागद उजेडाने विटतो. म्हणून कागदी वस्तूंवरचा प्रकाश सामान्यतः पन्नास लक्सच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. कोकणच्या पावसात बुरशी, कसर आणि वाळवी यांचे राज्य असते. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे परिसर कसा उद्ध्वस्त केला, हे जिल्हा विसरलेला नाही. मौल्यवान मूळ प्रत अशा ठिकाणी न्यावी, असा हट्ट कोणी धरणार नाही. पण उत्तम प्रतिकृती करता येतात, पावसाळा टाळता येतो आणि मूळ वस्तू दोन दिवस पहाऱ्यात आणणेही अशक्य नसते. पेण मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर आहे. रोह्यापासून तर कोकण रेल्वे सुरू होते. रेल्वेला जी वाट सापडली, ती विद्यापीठाला सापडू नये काय?

चौथा आक्षेप मात्र आपल्याच घरातून येतो आणि म्हणून अधिक बोचतो. गणपतीच्या साच्यांशी आणि बेने इस्रायलांच्या आडनावांशी आपणा कॅथलिकांना काय कर्तव्य? वाचक बंधुभगिनींनो, असे विचारणाऱ्यांना मी आंजेलो दा फोन्सेका यांची आठवण देतो. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेला हा चित्रकार अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली, बाळ येशूला या मातीचा वर्ण दिला. आपल्याच लोकांनी त्याच्यावर टीकेचे आसूड ओढले. गोवा सोडून तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि १९६७ साली वारला. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपला आहे आणि आता आपण त्याचा अभिमान बाळगतो. शेजाऱ्याच्या कलेकडे तुच्छतेने पाहणारा समाज आपल्या घरातील कलावंतालाही ओळखत नाही, हाच त्याचा धडा. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा १९१०-११ च्या सुमारास मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या चित्रपटातून मिळाली, हे आपण कौतुकाने सांगतो. मग पहिल्या बोलपटाच्या यहुदी लेखकाविषयी आपण उदासीन का असावे?

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. विद्यापीठाने ग्रंथालयात दृश्यकला आणि प्रसारमाध्यमांच्या इतिहासाचे प्रदर्शन भरवावे, तेव्हा प्रत्येक वस्तूखाली कर्त्याचे नाव, गाव आणि साल लिहावे. नाव सापडत नसेल, तर ते शोधण्यासाठी काय केले ते लिहावे. असे प्रत्येक प्रदर्शन संलग्न महाविद्यालयांत फिरावे आणि पेण, रोहे यांसारख्या ठिकाणी किमान एक महिना थांबावे. उद्घाटनाच्या दिवसापुरते नव्हे. तेथील विद्यार्थ्यांनी कारखान्यांत जाऊन जुन्या साच्यांची, मूर्तिकारांच्या आठवणींची, बंद पडलेल्या छापखान्यांच्या खिळ्यांची नोंद करावी आणि ती नोंद विद्यापीठाच्या सूचीत त्या विद्यार्थ्यांच्या नावासह जमा व्हावी. प्रदर्शन संपले तरी सूची छापील स्वरूपात उरावी. सूचीवाचून भरलेले प्रदर्शन आणि आठवड्याचा बाजार यांत फरक काय?

विद्यापीठाकडे बोट दाखवताना आपल्या उंबरठ्याच्या आतही पाहिले पाहिजे. धर्मग्रामांच्या दस्तऐवजांचे जतन हे ख्रिस्तसभेचे धर्मकार्यच आहे, असे परमगुरूपीठाच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने १९९७ सालच्या पत्रात निक्षून सांगितले. रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात येतो. कोर्लईसारख्या गावाने तर पोर्तुगीजांच्या काळापासूनची बोली आजही जिभेवर जपली आहे. तरीही लग्नाच्या जुन्या पत्रिका, सणाच्या सोहळ्याची हस्तपत्रके, 'निरोप्या'सारख्या १९०३ साली निघालेल्या मासिकाचे सुटे अंक आपण रद्दीवाल्याच्या तराजूत घालतो. घरच्या गव्हाणीतील मातीच्या मूर्ती कोणी घडवल्या, हे आपण कधी विचारतो काय? येत्या नाताळात गव्हाण मांडण्यापूर्वी त्या मूर्ती उलट्या करून पाहाव्यात, घरातील वृद्धांना विचारावे आणि जे कळेल ते वहीत लिहून ठेवावे. एक प्रत धर्मग्रामाच्या दप्तरी द्यावी, एक जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला.

ग्रंथपालाने ती स्वीकारली नाही, तर कारण लेखी मागावे. हे ग्रंथालय आपल्याही मुलांच्या शुल्कातून चालते.